थंड, कोरड्या मुलखातले पानगळीचे रंग: काय लावावं आणि का

थंड, कोरड्या मुलखात बाग करणाऱ्याच्या डोक्यात पानगळीचं जे चित्र असतं, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच मुलखातलं असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लालभडक मेपल, खाली पानांचा खच, मागे पांढरं लाकडी घर. हे चित्र अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं, न्यू इंग्लंडचं. तिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस-बर्फ पडतो, तोही बाराही महिने विभागून, आणि जमीन बहुतांशी आम्लधर्मी असते. पश्चिम अमेरिकेतल्या युटा, नेवाडा, दक्षिण आयडाहो, कोलोरॅडो इथली गोष्ट वेगळी. सॉल्ट लेक सिटी काय आणि डेन्व्हर काय, वर्षाचं पाणी चारशे मिलिमीटरच्या आत. हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली जाऊ शकतो. हवा सुकी, ऊन कडक, रात्री गार आणि जमीन पुष्कळ ठिकाणी चुनखडीची. इथे न्यू इंग्लंड उभारायला गेलं की पैसा जातो, पाणी जातं, पाच-सात वर्षं जातात आणि अंगणात एक पिवळट, मरगळलेलं झाड उरतं.

मात्र या मुलखाला स्वतःचे रंग भरपूर आहेत. ते बहुतेक खांद्याच्या उंचीच्या खाली आहेत, झुडपांत आणि गवतात. ते दिसायला लागले की झाडं निवडण्याचा अर्धा गोंधळ संपतो. उरलेल्या अर्ध्यासाठी पान रंग का बदलतं, हे थोडं समजून घ्यावं लागतं.

पानात हिरवं हरितद्रव्य असतं, तसेच पिवळे-केशरी रंगही असतात. गाजराला रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं, तीच ही. उन्हाळाभर हरितद्रव्य इतकं जास्त असतं की पिवळा रंग त्याखाली झाकून जातो. दिवस लहान होऊ लागले की झाड आवराआवर सुरू करतं. हरितद्रव्य मोडतं आणि पानातल्या प्रथिनांतला नायट्रोजन परत फांदीत, खोडात, मुळांत खेचून घेतं. साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त नायट्रोजन असा परत मिळवला जातो. हिरवा गेला की आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. म्हणून पिवळा रंग भरवशाचा. हवामान थोडं इकडेतिकडे झालं तरी तो येतोच.

लाल रंगाचं तसं नाही. ज्या अँथोसायनिन द्रव्यांमुळे पान लाल होतं, ती बहुतेक झाडांत शरदातच नव्याने तयार होतात, आणि त्यासाठी पानात साखर लागते. दिवसा लख्ख ऊन असलं की साखर बनते. रात्र गार असली की ती पानातून लवकर बाहेर जात नाही. म्हणजे उन्हाचे दिवस आणि गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या रात्री ही लाल रंगाची पक्की जोडी. ढगाळ, उबदार शरद असेल तर त्याच झाडाचा लाल रंग फिका पडतो. उन्हाचा हा हिशेब प्रत्यक्ष बघायचा असेल तर लाल झालेल्या सुमॅक झुडपाचं किंवा मेपलचं असं पान शोधावं, ज्यावर दुसरं पान टेकलेलं होतं. वरचं पान उचललं की खाली त्याच्याच आकाराचा पिवळा ठसा दिसतो. तेवढ्या भागाला ऊन मिळालं नाही, म्हणून तिथे लाल तयार झाला नाही. गळायला आलेल्या पानावर झाड एवढा खर्च का करतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. नायट्रोजन काढून घेण्याचं काम चालू असताना पानाला कडक उन्हापासून वाचवण्यासाठी, असा एक विचार. जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांचा तर्क वेगळा होता: हा भडक रंग म्हणजे किड्यांना दिलेला इशारा, की हे झाड दणकट आहे, अंडी दुसरीकडे घाला. मला पहिला तर्क जास्त पटतो, पण बाग करायला दोन्हींपैकी कुठलाही चालतो.

या सगळ्यावरून एक गोष्ट लक्षात येईल. कोरडा, निरभ्र, उन्हाचा शरद हा खरं तर लाल रंगाला पोषकच. मग अडतं कुठे? दोन ठिकाणी: अचानक पडणाऱ्या थंडीत आणि जमिनीत.

थंडीचा धक्का किती मोठा असू शकतो, याचं एक उदाहरण. २०२० साली डेन्व्हरमध्ये ५ सप्टेंबरला पारा ३८ अंशांच्या वर होता आणि ८ सप्टेंबरला बर्फ पडला. तीन दिवसांत उन्हाळ्यातून हिवाळ्यात. असा कडाका पानगळीची तयारी पूर्ण होण्याआधी पडला की पान जागच्या जागी मरतं आणि तपकिरी होऊन फांदीला चिकटून बसतं. पान आणि फांदी यांच्या सांध्यात एक नाजूक थर तयार व्हावा लागतो, तो तयार झाला तरच पान सुटतं. पान मधेच मेलं तर तो थर अर्धवट राहतो. स्थानिक झाडांचं महत्त्व इथे कळतं. हजारो वर्षं इथल्या दिवसमानाशी जुळवून घेतलेलं झाड वेळेत आवरायला घेतं. त्याच जातीचं पण दक्षिणेकडच्या उबदार भागातल्या बियांपासून वाढवलेलं रोप अजून हिरवंगार असतं आणि थंडीच्या तावडीत सापडतं. म्हणून नर्सरीत जातीचं नाव विचारून थांबू नये, बी कुठलं हेही विचारावं. उत्तर देता येणारी नर्सरी मिळाली तर तिला धरून ठेवावं.

आता जमीन. चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक ७.५ च्या वर असतो. अशा जमिनीत लोह असतं, पण ते विरघळत नाही, त्यामुळे मुळांना घेता येत नाही. ऊस किंवा द्राक्ष केलेल्या माणसाला हे सांगायला नको. नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे उसात याला केवडा पडणं म्हणतात. पूर्व अमेरिकेतला लाल मेपल, पिन ओक, आणि ‘ऑटम ब्लेझ’ नावाने खपणारा संकरित मेपल, या तिघांना या मुलखात हमखास केवडा पडतो. जुलैतच पान लिंबासारखं पिवळं, कडा करपलेल्या, फांद्यांचे शेंडे वाळलेले. ऑक्टोबरात रंग यायला पानात साखर हवी, आणि हरितद्रव्यच नाही तर साखर कुठून यायची? लोहाची औषधं मिळतात, खोडात टोचायचीही मिळतात, पण हे काम दर एक-दोन वर्षांनी करत बसावं लागतं. जमिनीचा सामू बदलण्याचा खटाटोप तर करूच नये. चुनखडीने भरलेल्या जमिनीत गंधक ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं, अगदी शब्दशः.

नर्सरीतल्या चिठ्ठीवर हार्डिनेस झोनचा आकडा असतो, त्यावरही लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात. अमेरिकी कृषी खात्याचा हा नकाशा (ताजी आवृत्ती २०२३ ची) एवढंच सांगतो की वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीचं सरासरी तापमान किती असतं. झोन ५ म्हणजे साधारण उणे २९ ते उणे २३ अंश सेल्सियस. पाऊस किती, जमीन कशी, वारा किती सुका, थंडी एकाएकी येते की हळूहळू, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. बोस्टनजवळचं गाव आणि सॉल्ट लेकजवळचं गाव एकाच झोनमध्ये असू शकतं, पण एका ठिकाणचं झाड दुसऱ्या ठिकाणी सुखात राहील असं मुळीच नाही.

स्थानिक म्हणजे नेमकं कुठलं?

‘स्थानिक झाड’ या शब्दानेही फसगत होते. सगळ्यात मोठं उदाहरण ॲस्पेनचं. रॉकी पर्वताच्या उतारांवर सप्टेंबरच्या शेवटी जे सोनं पसरतं, ते याच झाडाचं. त्याच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून जराशा वाऱ्यानेही पान सळसळतं. एकाच मुळापासून शेकडो खोडं निघतात. युटामधल्या फिशलेक जंगलातला ‘पांडो’ नावाचा ॲस्पेन जवळजवळ ४३ हेक्टरांवर पसरलेला आहे, खोडं सत्तेचाळीस हजारांच्या घरात, आणि सगळी मिळून एकच जीव. असं झाड अंगणात असावंसं वाटणं साहजिक आहे. पण या राज्यांत ॲस्पेनचं खरं राज्य साधारण दोन हजार मीटरच्या वर, जिथे उन्हाळा गार असतो आणि बर्फ उशिरापर्यंत टिकतो. सॉल्ट लेक सिटी १३०० मीटरवर, डेन्व्हर १६०० वर. तिथल्या उन्हाळ्यात ॲस्पेनच्या सालीखाली बुरशी शिरते, पानांवर डाग पडतात, खवले कीड बसते आणि झाड लवकर म्हातारं होतं. मधल्या काळात मुळांचे फुटवे हिरवळीतून, वाफ्यातून, शेजाऱ्याच्या कुंपणातून वर येत राहतात. झाड त्याच राज्यातलं, पण शेकडो मीटर वरचं. उंच डोंगरावर घर असेल तर जरूर लावा. खाली खोऱ्यात असाल तर सप्टेंबरात गाडी काढून बघून यावं, हे उत्तम.

पाण्याच्या बाबतीतही हीच खबरदारी. लाल फांद्यांचं डॉगवुड, अरुंद पानांचं कॉटनवुड ही दोन्ही इथलीच, पण ओढ्याकाठची. पागोळ्यांचं पाणी जमतं अशा जागी डॉगवुड छान होतं, पान गळल्यावर त्याच्या लाल काड्या बर्फात उठून दिसतात. कोरड्या उतारावर मात्र त्याचे हाल होतात.

मग झाड लावायचंच असेल तर कुठलं? मी पहिलं नाव बिगटूथ मेपलचं घेईन. शास्त्रीय नाव एसर ग्रँडिडेंटाटम. शुगर मेपलचा हा डोंगरातला भाऊबंद सहा ते नऊ मीटर वाढतो, चुनखडीची जमीन सोसतो आणि युटातल्या वासॅच डोंगरांच्या घळी दर शरदात पेटवतो. अडचण एकच: बियांपासून वाढलेल्या प्रत्येक रोपाचा रंग वेगळा. कुणी गर्द लाल, कुणी नारिंगी, कुणी नुसताच पिवळा. म्हणून रोप घ्यायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, पान रंगलेलं असताना, डोळ्यांनी बघून घ्यावं. कुंडीत मुळं आवळून बसलेल्या रोपाला ताणामुळेही लवकर रंग चढतो, तेव्हा रंगाबरोबर रोप निरोगी आहे का तेही बघावं.

दुसरं गॅम्बेल ओक. हे एकटं झाड कमी आणि झुडपांची झुंड जास्त. जमिनीखालच्या फुटव्यांनी पसरतं. उन्हाळ्यात पाणी दिलं नाही तरी फारशी कुरकुर नाही. रंग पिवळ्यापासून नारिंगी-तपकिरीपर्यंत, अधूनमधून एखादा जुडगा चक्क लाल. मोठ्या जागेला, उताराला उत्तम. लहान अंगणात लावून मग फुटवे छाटत बसण्यात अर्थ नाही.

खरा रंग झुडपांत

लाल रंग हमखास हवा असेल तर सुमॅक. त्यातही तीन पानांचं सुमॅक, ऱ्हस ट्रायलोबाटा. उंची मीटर-दीड मीटर, मुरमाड उतारावर मजेत राहणारं, शरदात पिवळं, नारिंगी आणि लाल एकाच फांदीवर. पान चुरगळलं की उग्र वास येतो, त्यावरून इंग्रजीत त्याला स्कंकबुश असं बदनाम नाव मिळालं. इथल्या मूळ रहिवासी जमाती त्याच्या लवचिक काड्यांच्या टोपल्या विणत आल्या आहेत. नवखी माणसं याला बघून दचकतात, कारण अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही तीन पानांचीच असते आणि तीही लाल होते. ओळखायची खूण देठात आहे. पॉयझन आयव्हीच्या मधल्या पर्णिकेला स्वतंत्र लांब देठ असतो, तर या सुमॅकची मधली पर्णिका जवळजवळ थेट बाकीच्या दोघींना चिकटलेली असते. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. अर्थात पॉयझन आयव्ही हातात न घेता, फोटोत.

गुळगुळीत सुमॅक, म्हणजे ऱ्हस ग्लाब्रा, हे त्याहून भडक. इतका निव्वळ लाल दुसऱ्या कुणाकडे नाही. पण जमिनीखालून ते जिथे जाऊ नये तिथे जातं. रस्ता आणि भिंत यांच्यामधली बंदिस्त पट्टी असेल तर तिथे त्याला मोकळं सोडावं.

गोल्डन करंट हे माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेलं झुडूप. वसंतात पिवळी फुलं आणि त्यांना लवंगेसारखा वास, उन्हाळ्यात पक्ष्यांना फळं, शरदात पानं लालसर-किरमिजी. एवढं सगळं देऊन मागणं काहीच नाही. जमिनीलगत पसरणारं हवं असेल तर पश्चिमी सँड चेरीची ‘पॉनी ब्यूट्स’ ही निवड बघावी. कोलोरॅडो राज्य विद्यापीठ आणि डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्स मिळून ‘प्लँट सिलेक्ट’ नावाचा उपक्रम चालवतात, या मुलखाला सोसतील अशी झाडं पारखून पुढे आणणारा. ही निवड त्यातलीच. शरदात तिची पानं लाल-किरमिजी होतात. सर्व्हिसबेरी आणि चोकचेरी ही दोघं जरा उंच. सर्व्हिसबेरीला पिवळा-नारिंगी रंग आणि खायला गोड फळं. चोकचेरीचा रंग जास्त गडद, पण तिच्या पानांत आणि बियांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. गाई-शेळ्या जवळ असतील तर ती नको. वूड्स गुलाबाची लाल फळं पान गळल्यावरही राहतात.

पानांच्या पलीकडेही बघायला हवं. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत रस्त्याकडेची माळरानं पिवळी धमक करणारं रॅबिटब्रश हे फुलांनी रंगतं, पानांनी नाही. पानं रुपेरी, फुलं हळदीची, आणि बाकी सगळं वाळत चाललेलं असताना मधमाश्यांना-फुलपाखरांना शेवटचा आधार. त्याच्यात रबर असतं, म्हणून दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली तेव्हा त्याच्याकडेही संशोधकांची नजर गेली होती. राखाडी सेजब्रश स्वतः रंग बदलत नाही, पण लाल सुमॅकच्या मागे ते असलं तर सुमॅक दुप्पट लाल दिसतं. हिरव्या हिरवळीसमोर तीच गंमत येत नाही. डोंगरी महोगनीच्या प्रत्येक बीला पिळदार, रुपेरी केसाळ शेपटी असते. तिरप्या उन्हात आख्खं झुडूप धुरकट चमकतं. जमिनीलगत ओरेगॉन ग्रेपची पानं थंडीत वाइनच्या रंगाची होतात आणि तशीच हिवाळाभर टिकतात.

आणि गवत. लिटल ब्लूस्टेम नावाचं प्रेअरीचं गवत उन्हाळ्यात निळसर असतं आणि सप्टेंबरनंतर तांब्यासारखं होतं. त्याचा रंग थंडीच्या एका तडाख्यात जात नाही. जानेवारीतही ते तसंच उभं असतं. अचानक गोठणाऱ्या मुलखात हा गुण कुठल्याही मेपलपेक्षा मोठा. ब्लू ग्रामाची आडवी, भुवईसारखी कणसं लहान असतात, पण उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिली की उजळून निघतात. लावताना म्हणूनच जागा ठरवावी ती संध्याकाळच्या उन्हाची: बघणारा आणि मावळतीचा सूर्य यांच्यामध्ये गवत आणि सुमॅक येतील अशी. लाल पानातून आरपार येणारा उजेड आणि त्याच पानावर पडलेला उजेड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

काही झाडं केवळ रंग चांगला म्हणून घेऊ नयेत. टॅमरिस्क शरदात सुंदर नारिंगी होतं, पण पश्चिमेतल्या नद्यांचे काठच्या काठ त्याने गिळले आहेत. रशियन ऑलिव्हचीही तीच कथा.

पाणी: कधी द्यायचं, कधी तोडायचं

‘स्थानिक आहे, पाणी लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. पहिली दोन-तीन वर्षं मुळं खोल जाईपर्यंत पाणी द्यावंच लागतं. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा सावकाश, खोलवर मुरेल असं द्यावं आणि मधे जमीन सुकू द्यावी. पुढे कडक उन्हाळ्यात महिन्यातून एक-दोनदा भिजवलं तर बहुतेक झुडपांना पुरतं. ऑगस्टमध्ये झाड पूर्ण सुकवलं तर पानं रंगण्याआधीच करपून गळतात. ऑगस्टनंतर नत्राचं खत मात्र बंद. ते दिलं तर कोवळी फूट निघते, झाड आवरायचं विसरतं आणि पहिल्या हिमात शेंडे जातात. सप्टेंबरात पाणी हळूहळू कमी करत जावं. हलका ताण बसला की झाडाला थंडीची चाहूल लागते.

पानं गळून गेल्यावर, जमीन गोठायच्या आधी, एकदा मनसोक्त भिजवावं. कोरड्या थंडीत झाडं गारठून कमी आणि तहानेने जास्त मरतात: मुळांकडून पाणी येत नाही आणि वारा फांद्यांतलं ओढून नेतो. नवीन झाडांना तर हिवाळ्यातही, बर्फाचं आच्छादन नसेल आणि हवा चार-पाच अंशांच्या वर असेल अशा दिवशी, महिन्यातून एक-दोनदा दुपारच्या आत पाणी द्यावं, म्हणजे रात्री गोठायच्या आधी ते मुरतं.

झुडपांच्या बुडाशी सालीचं जाड आच्छादन घालण्याची सवय असते. सुमॅक, सेजब्रश, रॅबिटब्रश यांना ते मानवत नाही, बुंधा ओला राहून कुजतो. त्यांना बारीक खडी बरी. मेपल आणि सर्व्हिसबेरीला लाकडाचा भुसा चालतो, फक्त खोडापासून वीतभर लांब. आणि ऑक्टोबरात सगळं कापून बाग स्वच्छ करण्याचा उत्साह आवरावा. ब्लूस्टेमचे झुपके, महोगनीच्या शेपट्या, गुलाबाची फळं हिवाळाभर तशीच ठेवावीत. गवत कापायचं ते हिवाळा सरताना, नवे कोंब दिसायच्या आधी, जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर सोडून.